भाऊजींचा विसरभोळा पेनड्राइव्ह

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. गुडघा कसा आहे ते कळवा, आणि त्याआधी तुमचा संशय कसा आहे ते कळवा. (कुलूप लावून चारदा ओढायचं आणि कोपऱ्यावरून परत येऊन पाचव्यांदा ओढायचं, हे चालू असेलच.) जाऊबाईंना म्हणावं, स्वेटर अंगात बसला, फक्त डोकं आत जायला वेळ लागला. इकडे सगळे खुशाल. मी तेवढी तुमच्या पेनड्राइव्हपायी अर्धी झालेय.

मी तुमच्याकडे काय मागितलं होतं? सूनबाईच्या लॅपटॉपवर चार ओळी लिहायच्यात, त्या सूनबाईला दिसू नयेत, एवढंच. तुम्ही कारण विचारलं नाहीत, तिथे तुम्ही शहाणे. पण ओळी कसल्या ते आता सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं वहिनी चोरांच्या टोळीत शिरली. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. ते परत आलं तेव्हा त्याच्या मागे चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीत घड्याळवाल्यांनी मला एक प्रश्न विचारलाय, खाली ईमेलचा पत्ता दिलाय, आणि लिहिलंय की महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आत उत्तर आलं नाही तर सोमवारी दुकान बंद करून ते मुलीकडे कायमचे राहायला जातील. आता माणसाने ईमेल दिला तर आपणही ईमेलनेच उत्तर द्यायला नको का? सातवीपर्यंत शिकलेय म्हणून काय झालं.

तर तुमचा पेनड्राइव्ह आला, सोबत चार पानं सूचना. लॅपटॉपची नेहमीची व्यवस्था झोपलेलीच ठेवायची आणि या पेनड्राइव्हमधून दुसरी उठवायची. म्हणजे घर तेच, बिऱ्हाड दुसरं. इथवर कळलं. पुढे म्हणता, लॅपटॉप चालू होताना अमुक बटण दाबा, लवकर नको, उशिरा नको. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा तसं मी डोळ्यांत तेल घालून बसले, तरी सात वेळा सूनबाईचंच बिऱ्हाड उठलं. आठव्यांदा पडदा काळा झाला आणि पांढऱ्या ओळी सरसर पळायला लागल्या. मी हात जोडून बसले. मग एक निळी खोली उघडली. तिथे हवामान बघितलं तर बाहेर बर्फ पडतोय म्हणे. मी खिडकीतून पाहिलं, माझे कपडे कडकडीत वाळत होते. (तुमच्या दुसऱ्या पानावर आहे की ही व्यवस्था आपला ठावठिकाणा लपवते. माझ्यापासूनसुद्धा लपवायची काय गरज होती?)

पानभर उत्तर लिहिलं, बंद केलं, दुसऱ्या दिवशी उघडलं तर कोरं. ना माझं पान, ना माझी ओळख. पुन्हा मला विचारतंय, आपली भाषा कोणती. भाऊजी, तुमच्या बंधूंची आठवण झाली हो. रात्री कबूल केलेलं सकाळी असंच साफ पुसलेलं असायचं, पण निदान बायको कोण ते लक्षात असायचं.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत लिहिलं. निम्म्यावर आले तर सूनबाई शाळेतून लवकर आली. तुमची सूचना होती, कुणी आलं तर सरळ ओढून काढा. ओढला. पडदा गपकन मेला. आई काय करताय, म्हणाली. पुसतेय, म्हटलं. (खोटं नाही, सगळं पुसलंच गेलं होतं.) पेनड्राइव्ह साखरेच्या डब्यात टाकला. संध्याकाळी तिने चहा केला, तोवर माझा जीव त्या डब्यात.

तिसऱ्या दिवशी चौथं पान वाचलं. ते तुम्ही पहिलं का लिहीत नाही? त्यात निघालं की हे विसरणं मुद्दामच आहे, आणि जपून ठेवायचं असेल तर वेगळा कप्पा करून त्याला पाच-सहा शब्दांची किल्ली द्यावी. केला कप्पा, दिली किल्ली, ठेवलं उत्तर. आता ती किल्ली मी विसरले. त्याला मी आठवत नाही आणि मला ते उघडत नाही, असे आम्ही दोघं समोरासमोर बसलोय.

म्हणून आता आधी वहीत लिहिते. कोरी वही सूनबाईच्याच कपाटातली, आणि लपवलीय तिच्या वर्गातल्या पोरांच्या तपासायच्या वह्यांत. सव्वीस वह्यांत सत्ताविसावी कोण बघतंय? तुम्ही एवढंच करा, तो कप्पा तिकडून उघडता येतो का ते कळवा. एरवी पत्राला महिना लावता, या वेळी नको. आज बुधवार, आणि तो रविवार हाच.

तुमची,
वहिनी

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सूनबाई वह्यांचा गठ्ठा घेऊन आली आणि माझी वही माझ्यापुढे ठेवून गेली. लाल शाईने शेरा आहे: अक्षर सुवाच्य, पण उत्तर प्रश्नाला धरून नाही. प्रश्न हो की नाही एवढाच आहे. दहापैकी चार. पुन्हा लिहून आणणे.

ता. क. पुन्हा लिहिलं. एकच शब्द, त्यांच्याच चिठ्ठीच्या पाठीवर. चिठ्ठी घड्याळाला बांधली आणि घड्याळ परत दुरुस्तीला पाठवलं. सूनबाईच देऊन आली. तेव्हा कप्प्याचं राहू द्या. लग्नाच्या नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. एक सूनबाई, दुसरी घड्याळवाल्यांची मुलगी. तिसरं तुमच्या बंधूंच्या घरचं कुणी असावं, असं मला फार वाटतं. याल ना? नाही आलात तर रागावणार नाही, पण दाराशी वाट बघेन.

ता. क. घड्याळ बिघडलं म्हणून काळजी करू नका. ते पहिल्यांदाही बिघडलं नव्हतं. सेल मीच उलटा घातला होता.