अंगणावरचं पाणी

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी अशी, की आपला तलाव तपासायचं काम माझ्याकडेच आलंय. बांध फोडून जुन्या पाणथळीत पाणी परत सोडलं, त्याचा उपयोग झाला का, हे आमच्या खात्याने आता ठरवायचं. म्हणजे आपलं घर पाडून, अंगणावर पाणी आणून काय साधलं, ते मी लिहायचं. तू चार दिवस ये. बोट मीच चालवीन. घाबरू नकोस, हल्ली बुडवत नाही.

तुझा (अजूनही) बेडूक

१५ जानेवारी

चि. बेडकास अनेक आशीर्वाद.

यायचं जमणार नाही. गुडघ्याचं निमित्त सांगणार होते, पण तुझ्यापुढे काय लपवायचं? मला ते बघवणार नाही. मागच्या दाराची पायरी दुपारी कशी तापायची! त्यावर ओले पाय टेकून आपण वाचत बसायचो आणि नाना आतून ओरडायचे, की पानं भिजतील.

सगळी वस्ती अडून बसली होती, तेव्हा घर देण्याच्या कागदावर पहिली सही नानांनी केली. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. नाना एवढंच म्हणायचे, की त्यांच्या वडिलांनी, आपल्या आजोबांनी, बांध घालून पाण्याची जागा घेतली होती, ती परत करू. पुढे घराच्या बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत शेवटपर्यंत खिडकीशी बसून राहिले. तुझा फोन आला की आधी तलावाची चौकशी, मग तुझी.

तेव्हा चांगलं लिही. त्यांच्यासाठी एवढं कर. जेवणाची आबाळ करू नकोस आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिवाळाभर पाणी तपासलं. लव्हाळी परत आलीत. बदकं इतकी माजलीत, की बोटीपुढून हलत नाहीत. आपल्या घराच्या जागेवर तर नितळ पाण्यातून तळ दिसतो. पण तलावाच्या मोठ्या भागात तळाशी काळा चिखल आहे, त्यात जीव नाही. मासे अंडी घालायला येतात आणि तसेच परत जातात. वरच्या नदीतून अजून गाळ येतोय. तो थांबल्याशिवाय हे काम अर्धंच.

साहेबांना ‘यशस्वी’ हा शब्द हवाय, कारण आता तिथेही असंच पाणी सोडायला खालच्या खोऱ्यातली वस्ती हलवायची आहे. तुलाही तोच हवाय. माझ्याच्याने लिहवत नाही. रागव हवं तर, पण पत्र पाठवत राहा.

तुझा बेडूक

१० मार्च

चि. बेडकास अनेक आशीर्वाद.

रागावले. भांडी जरा जोरात आपटली. तुझ्या भावजींनी कारण विचारलं नाही, शहाणे आहेत.

मग त्या वस्तीचं मनात आलं. तिथलाही एखादा नानांसारखा माणूस तुझ्या शब्दावर विसंबून पहिली सही करील. त्याला फसवून नानांचा मान राखायचा असेल, तर नको मला तो. खरं ते लिही. आणि मला न्यायला ये.

ताई

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घराच्या जागी बोट थांबवली तेव्हा तू पाण्यात हात घातलास, बाही भिजली तरी काढला नाहीस. मी मुद्दाम बदकं बघत होतो.

तुलाही घेऊन गेलो ती खालच्या वस्तीतली सभा मात्र डोळ्यांपुढून जात नाही. मी आकडे सांगून घसा कोरडा केला, आणि मागे बसलेल्या बाईंनी तुलाच विचारलं, की पुन्हा वेळ आली तर घर द्याल का.  तू म्हणालीस, “देईन. पण आधी वरचा गाळ थांबवून दाखवा म्हणेन.”

अहवाल जसा लिहिला तसाच गेला. साहेब बरेच दिवस माझ्याकडे बघत नव्हते. काल हुकूम आला: आधी नदीचा गाळ, वस्ती त्यानंतर.

त्या बाईंनी तुझा पत्ता मागितला, मी दिलाय. त्यांना विचारायचंय, की घर सोडताना बरोबर काय काय घ्यावं. सवडीने, पण नक्की कळव.

तुझा बेडूक