मिशीवरचा पदर

बाबा, आज सकाळी मी मिशी काढली. लोधीखेड्याच्या मंडईच्या जत्रेत उद्या दुपारी आपल्या फडाची खडी गंमत आहे, आणि त्यांना तुम्ही नाचायचात तीच सासुरवाशीण हवी आहे. "तुमच्या बाबाचीच करा जी, नाही तं आम्ही ऑर्केस्ट्रा बोलावून राहिलो," असं मंडईवाल्यांनी फोनवर सांगितलं. मी हो म्हटलं. माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

पांढुर्ण्यात आपलं घर अजून गंमतवाल्यांचं घर म्हणूनच ओळखतात. आजोबा शाहीर, तुम्ही लुगडं नेसून नाचणारे. तुमची सासुरवाशीण जात्यावर बसली की सावरगावच्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मग मी. पहिल्यांदा बाईचं सोंग घ्यायचं म्हणून हौसेने मिशी उतरवून स्वयंपाकघरात आलो, तो दिवस अजून दिसतो. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही ताटावरून वर बघता आणि घास हातातच राहतो. "मिशी काऊन काढली बे? मी मेलो का?" बाप गेल्यावरच मिशी उतरवायची, हा रिवाज माझ्या ध्यानातच आला नाही, कारण मी रोज तुमचाच गुळगुळीत ओठ बघत वाढलो होतो. आजोबा तुमच्या लहानपणीच गेले, तुम्हाला मोकळीक होती. आई म्हणाली, "मंग पोट्ट्यानं मिशी ठेवून नाचावं कसं?" तुम्ही पुन्हा जेवायला लागलात. "नाचाले पाय लागते. तोंडावर पदर घे म्हणा त्याले."

घेतला. तुम्ही होतात तोवर कधी काढला नाही. मिशी झाकायला घेतलेला पदर, पण लोकांना वाटलं ही माझी कला आहे. आणि हळूहळू ती झालीही. नुसत्या डोळ्यांनी बोलायला शिकलो, मान किती कलली की बाया हसतात आणि किती कलली की गप्प होतात, ते कळलं. तिगावात एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं होतं, "हा पदरवाला कोणाचा पोट्टा होय वं?" मी कोणाचा, ते तिला ओळखू आलं नव्हतं. तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

मग तुम्ही गेलात. दहाव्याला न्हाव्याने माझी मिशी उतरवली. पुढच्या गमतीत पहिल्यांदा उघड्या तोंडाने उभा राहिलो, तर सगळे ओरडले, "अरे, बुढाच आला ना बे!" तेच नाक, तोच ओठ. टाळ्या तुम्हाला पडल्या. पदर घेऊन बघितला तर "तोंड दाखव" म्हणून शिट्ट्या. तेव्हापासून तुमचीच सासुरवाशीण करतो आहे, आणि तरी परत जाताना कोणीतरी म्हणतंच, "बाप तो बापच होता." खरं आहे ते. मी नक्कल बरी करतो, एवढंच. गंमत नसते तेव्हा मिशी वाढवतो. तेवढे दिवस आरशात मी असतो. हल्ली गुडघे धरतात, आणि आपल्या घरात माझ्यानंतर कोणी नाचणार नाही.

हे पत्र पेटीत तुमच्या चाळांखाली ठेवून देईन, दुसरं कुठे धाडणार? एक मात्र सांगून टाकतो. आज मिशी काढून आरशात पाहिलं, तर तुम्ही उभे. मी खुंटीवरचं लुगडं घेतलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि नुसत्या डोळ्यांनी माझी सासुरवाशीण करून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पदर खाली केला आणि त्या तोंडाला विचारलं, "बाबा, जमलं का?"