दहापैकी तीन

७ मार्च

ती. दादास,
पोटावर उशी दाबून शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. परवा तू भूल देणाऱ्या डॉक्टरांची नक्कल केलीस, मी हसले, आणि पोटावरची चारही भोकं एकदम ओरडली. आता काही दिवस पत्रच.

पित्ताशय गेलं. दुर्बिणीचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. नर्सबाई सारख्या विचारायच्या, दुखणं दहापैकी किती? मी डायरीत मांडून ठेवलं आहे: पहिला दिवस तीन, दुसरा दोन, तिसरा दोन, आज एक. बघ, काही नाही त्यात. तेव्हा तुझ्या हर्नियाची तारीख आता घेऊन टाक. दीड वर्षं पट्टा आवळून कागदाचे गठ्ठे उचलतो आहेस. आतडं अडकलं तर धावपळ होईल, असं डॉक्टरांनी तुला बजावलं आहे ना? तुझ्या कारखान्यातली पुस्तकं थोडे दिवस तुझ्यावाचून बांधली जातील. माझ्यावाचून बाजारातले वजनकाटे खरं बोलताहेत की नाही, ही काळजी मीही बाजूला ठेवली आहे.

वहिनीस नमस्कार. लोभ करावा, विनोद करू नये.

तुझी धाकटी

१२ मार्च

चि. तराजूबाई हिस,
हसू येणार नाही असे अनेक आशीर्वाद.

तुझे आकडे वाचून मी त्याच दिवशी तारीख घेतली, दोन एप्रिल. मोठ्या ऐटीत वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, आधी मेहुण्यांना विचारा. विचारलं. तर म्हणे दुसऱ्या दिवशी तू खांदा धरून रडत होतीस, हृदयच बंद पडतंय असं ठरवून त्यांना मृत्युपत्र सांगायला बसलीस, आणि त्यात गुलाबाची कुंडी माझ्या नावावर केलीस. कुंडीबद्दल आभारी आहे. पण ऑपरेशन पोटाचं आणि खांदा कसा दुखला? आणि एवढं रडून दहापैकी दोनच?

आमच्या स्वयंपाकघरातला काटा दहा ग्रॅम चुकला, तर तू तो जप्त करायला निघाली होतीस. मला मात्र खोटं माप दिलंस. मी भित्रा आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. भित्र्या माणसाला नीट कळावं लागतं गं, किती दुखेल ते. काल तारीख रद्द करून आलो.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावर लोभ आहे, विश्वास जरा कमी झाला आहे.

दादा

१६ मार्च

ती. दादास,
मान खाली घालून नमस्कार.

चार दिवस स्वतःशी भांडते आहे. दादा घाबरेल म्हणून आकडे कमी केले, असं आधी ठरवून टाकलं होतं. पण नर्सबाईंनाही मी तीनच सांगितलं होतं, आणि त्या कुठे घाबरणार होत्या? मला शूर दिसायचं होतं, एवढंच. शिक्षाही झाली. तीन सांगितलं म्हणून औषध तिनाचं मिळालं, दुखत होतं साताचं.

आता खरं माप घे. पहिला दिवस सात. दुसरा आठ, तो खांदा. ऑपरेशनसाठी पोटात वायू भरतात, त्यातला थोडा मागे राहतो, आतल्या पडद्याला डिवचतो आणि दुखतो मात्र खांदा. ते आधी सांगितलं होतं म्हणे, माझं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून कबुली दिली. नर्सबाई चांगल्याच रागावल्या. लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखणं डोक्यावर बसेपर्यंत थांबायचं नाही. उठताना कुशीवर वळून हातावर भार द्यायचा. खोकताना पोटाशी उशी धरायची. आणि घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या. संध्याकाळपर्यंत चारावर आलं. तुला पत्र लिहिलं तेव्हा तीन होतं. आज एक, आणि हा एक खराखुरा आहे.

माप खरं असल्याचा ऑफिसचा शिक्का खासगी कामाला वापरता येत नाही, म्हणून खाली हातानेच गोल काढला आहे.

पुन्हा तारीख घे, दादा. रागावून घेतलीस तरी चालेल.

तुझी धाकटी

४ एप्रिल

चि. तराजूबाई हिस,
आता माझ्याही पोटावर उशी आहे, तिच्यासकट आशीर्वाद.

जुनी तारीख अजून कुणाला दिली नव्हती. परवा ऑपरेशन झालं, माझंही दुर्बिणीनेच. नर्सबाईंनी दहापैकी किती विचारताच मी नऊ म्हणून ओरडलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तेव्हा सात केलं. काल खांदा आला, तू सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी. वाईट दुखला, पण ओळखीचा वाटला. मृत्युपत्र केलं नाही.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर आहेत. कालच त्यांचंही झालं. दात आवळून, चादर मुठीत धरून ते नर्सबाईंना तीन म्हणाले. मी तुझं सोळा तारखेचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, तुझा वाकडा गोल बराच वेळ न्याहाळला, आणि नर्सबाईंना परत बोलावलं.

वहिनी बोलू लागली आहे, म्हणजे रागावू लागली आहे. उद्या घरी सोडतील.

लोभ दहापैकी नऊ. उरलेला एक, कुंडी पोचल्यावर.

दादा