तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर

५ नोव्हें. ७३, सोम.
हिराबायची पिकअप परत आली. दिवाळीपासून तिसरी खेप. आज तर दोरी बांधून, दुसऱ्या टेम्पोच्या मागे. आंबोलीच्या नाक्यावर बंद पडली. मागे मासळीच्या टोपल्या, बर्फाचं पाणी रस्त्यावर. वेसाव्याच्या चार कोळणी उतरल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि अंधेरी बाजारात चालत गेल्या. पाचवी हिराबाय. गाडी तिची. ती सरळ गॅरेजात.
"दत्ता, तुजा आप्पा बोलला ना, नवा इंजेक्टर टाकला? मंग गारी धूर कशाला टाकते?"
मी काय सांगणार? इंजेक्टर आमच्या मालकाने, आप्पाने, स्वतः बसवला, दिवाळीत. मी चार दिवस रजेवर. आप्पा पत्र्याच्या केबिनमधून बाहेरही आला नाही. तिथूनच, "डिझेलात पाणी आसतला!"
फिल्टर उघडून बघितला. पाणी नाही. थेंबसुद्धा नाही. आता म्हणेल, ड्रायव्हर बरोबर नाही. ड्रायव्हर म्हणजे हिराबायचा भाऊ पांडू. बिचारा गाडीला बैलासारखं कुरवाळतो.

६ नोव्हें., मंगळ.
सकाळी इंजिन चालू करून डिझेलच्या एकेका नळीचा नट सैल केला. १, २, ४ — सैल करताच इंजिन लंगडतं. ३ — काही फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळात कामच करत नाही. गुन्हेगार सापडला.
काढताना तासभर गेला. कार्बनने असा धरलेला की जाम हलेना. निघाला तेव्हा खाली तांब्याचे दोन वॉशर. जुना काढायचे कष्टही घेतले नाहीत, त्याच्यावरच दुसरा ठेवला!
पण खरी गोष्ट पुढे. इंजेक्टरला वरून राखाडी रंग. रॉकेलने पुसला तर रंग गेला आणि खाली माझा चरा. हो, माझाच. गणपतीच्या आधी एका ट्रकमधून मीच हा काढला, वाइसच्या जबड्यात धरताना घसरला, आडवा चरा पडला. सुई झिजलेली, डिझेलचा फवारा नाही, नुसती लाळ गळायची. मी भंगाराच्या डब्यात टाकला होता.
आप्पाने डब्यातून उचलला, रंग फासला आणि हिराबायला नवा म्हणून दिला.
आप्पा म्हणजे कोण? आमच्या गावचा. मी सोळा वर्षांचा असताना बोटीने मुंबईला घेऊन आला तो हाच. पाना कसा धरायचा ते याने शिकवलं. "दत्तू, गिऱ्हाइकाक फसवशीत तर हात सडतीत तुझे," हेही यानेच शिकवलं.
उद्या बोलणार.

७ नोव्हें., बुध.
डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला एक ठिपका. सुई टोचल्यासारखा. रक्तसुद्धा नाही.
झालं असं. इंजेक्टर टेस्टरवर लावला आणि आप्पाला हाक मारली. म्हटलं, हा बघा तुमचा नवा. टेस्टर म्हणजे हाताचा पंप, दांडा दाबला की इंजेक्टरच्या तोंडातून डिझेलचा फवारा. तोंडापुढे काचेचं झाकण असतं. आमचं दोन वर्षं फुटलेलं. दहादा सांगितलं असेल.
आप्पा म्हणाला, "अरे, आवाज कित्याक करतंस? माल मिळणा नाय बाजारात. चलता तेवढा चलांदे."
म्हटलं, "हा मी भंगारात टाकलेला. चरा माझा आहे."
"माका शिकवतंस?"
मी खालच्या बाजूने नट घट्ट करत होतो. बोट तिथेच. आणि आप्पाने रागात दांडा खाली ओढला. "बघ! बघ फवारो! काय वायट आसा?"
हातावर चटका. मधमाशी चावल्यासारखा. मी हात झटकला.
आप्पाचं पहिलं वाक्य काय असावं? "बोट थंय कित्याक घातलंस?"
दुपारपर्यंत बोट जड. पण दुखत नव्हतं. आप्पा स्वतः इस्पितळात घेऊन गेला, रिक्षा नाही मिळाली तर माझा दुसरा हात धरून चालत. दारात थांबवून म्हणाला, "सांग, घराकडे पत्रो लागलो म्हणान. नायतर पोलीस, कागद, लायसन… गॅरेज बंद पडात. तू काय खाशीत, मी काय खाव?"
खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कशाने?
मी म्हटलं, पत्रा लागला. घरी.
का म्हटलं?
धनुर्वाताचं इंजेक्शन, आयोडीन, जा घरी.

८ नोव्हें., गुरु.
रात्रभर ठणका. बोट काकडीएवढं, पांढरं, ताठ. वाकत नाही. तळवाही सुजला. बायकोने, सुलूने, हळद लावली, मग स्वतःच पुसून काढली. ती औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, चार डॉक्टरांची नावं तोंडपाठ. म्हणाली, "हे पत्र्याचं नाही. खरं सांगा."
सांगितलं.
तिने पोळीचं लाटणं खाली ठेवलं. "गाववाला म्हणून तोंड शिवून घेतलंत? तुमचा हात आहे की आप्पाचा?"
आप्पावर राग आहेच, पण त्याच्यापेक्षा जास्त त्या 'पत्रा लागला' म्हणणाऱ्या गाढवावर. डिझेल कातडीतून आत जातं हे मला माहीत आहे. माहीत असून

१२ नोव्हें., सोम. इस्पितळ.
चार दिवस लिहिलं नाही. वरचं वाक्य तसंच राहू दे.
गुरुवारीच सुलूने कपडे बदलायला लावले आणि परत आणलं. या वेळी खिडकीवर न थांबता तिने थेट आत एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. तरुण, चष्मा, दमलेल्या. सुलू म्हणाली, "ह्यांना काल खोटं बोलायला लावलं. आता खरं ऐका."
मी सांगितलं. टेस्टर, प्रेशर, डिझेल.
बाई एकदम उभ्या राहिल्या. "किती वाजता झालं? काल? काल कोणी बघितलं?" मग माझ्यावर, "काल आला होतात तेव्हा का नाही सांगितलं? एक दिवस गेला हो! ह्यात तासाला किंमत असते."
त्याच दिवशी चिरलं. बोट शेंड्यापासून तळव्यापर्यंत. बाई नंतर म्हणाल्या, आत डिझेलचा वास येत होता. माझ्या हाताच्या आत. त्या एवढ्याशा ठिपक्यातून.
आप्पा आला नाही. चार दिवसांत एकदाही नाही. निरोप पाठवला: 'बरो हो, काळजी नको.'
संध्याकाळी हिराबाय आली. पांडू मागे. डब्यात सुरमईचं कालवण. पट्टी बघितली आणि खुर्चीवर न बसता तशीच उभी.
"माज्या गारीपायी झालं ना रं ह्ये?"
म्हटलं, "तुझ्या गाडीपायी नाही, हिराबाय. तुला जो इंजेक्टर विकला ना, तो मी स्वतः भंगारात टाकलेला होता. तुला फसवलं."
मग कोळीणच ती! अख्खा वॉर्ड उठून बसला. मला जे आप्पाला बोलायचं होतं ते सगळं तिने बोलून टाकलं, वर आणखी चार माझ्या डोक्यात नसलेल्या गोष्टी. सिस्टर धावत आल्या. मला बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

१५ नोव्हें., गुरु.
घरी सोडलं. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग. बोटाचं वरचं पेर काळं पडतंय. मी बघत नाही. सुलू बघते.
हिराबायने गाडी गॅरेजमधून ओढून नेली. आप्पाशी काय बोलली ते पांडूने सांगितलं. मी लिहीत नाही, वहीला लाज वाटेल. मग ती बाई स्वतः जुना इंजेक्टर वर्तमानपत्रात गुंडाळून शहरात गेली, स्पेअरच्या पाच दुकानांत. पाचव्यात मिळाला. सीलबंद. आप्पा म्हणत होता, माल मिळत नाही. मिळतो. शोधणारा हवा.
आता बसवणार कोण? पांडू म्हणाला, "तू सांग, मी करतो."

१७ नोव्हें., शनि.
वेसावे. सकाळी गेलो, सुलू सोबत, मला एकट्याला सोडत नाही.
समुद्राकडच्या बाजूला गाडी उभी, बाजूला वाळत घातलेले बोंबील. मी उलट्या ठेवलेल्या लाकडी पेटीवर बसलो. हात गळ्यातल्या झोळीत. पांडूच्या हातात पाना.
सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे गप्प बसणं. पांडूचे हात जाळ्याचे, नट पकडताना दोरीसारखा पकडतो. दोनदा उठलो, दोनदा सुलूने खांदा दाबला.
"आधी भोक साफ कर. काडीला फडकं गुंडाळ. जुना वॉशर राहिला नाही ना? बोट घालून बघ."
"हाय एक."
"ओढ. आता नवा. एकच. एक-च, पांडू."
इंजेक्टर बसवला. दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने. नळी जोडली. नट सैल ठेवून हवा काढायची, तेव्हा मी ओरडलोच, "हात लांब! तोंडापुढे हात नको!" पांडू दोन पावलं मागे उडाला. हिराबायने माझ्याकडे बघितलं.
बुडबुडे थांबले. नट आवळला. स्टार्टर.
पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा पकडली. चारही. मी डोळे मिटून ऐकलं. तिसरा बोलत होता.
धूर नाही. पांडू हसायला लागला. हिराबायने इंजिनवर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मला मात्र एकाएकी इतका राग आला की उठून पाण्याकडे निघून गेलो. अर्ध्या सकाळचं काम. सरळ, स्वच्छ. आजवर पाना हातात न धरलेल्या माणसाने केलं. आप्पाला दिवाळीत हे करता आलं नसतं? आलं असतं. माझ्यापेक्षा चांगलं.

२० नोव्हें., मंगळ.
ड्रेसिंग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरची दोन पेरं बहुतेक काढावी लागतील. गुरुवारी मोठे सर बघतील, मग ठरेल. 'बहुतेक' म्हणाल्या. मी त्या शब्दाला धरून बसलोय.
मग केसपेपर समोर ओढला. "यावर अजून 'घरी पत्रा लागला' असंच आहे. मी ऑपरेशनच्या नोंदीत खरं लिहिलंय, पण इथे कुठे, कोणाकडे, ते तुम्ही सांगायचं. सांगाल तसं लिहिते."
सुलू बाहेर बाकावर होती. यावेळी तिला हाक मारली नाही.
गॅरेजचं नाव सांगितलं. पत्ता सांगितला. मालकाचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. झाकण दोन वर्षं फुटलेलं, तेही लिहा म्हटलं. बाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. सही सरळ आली.
बाहेर येऊन सुलूशेजारी बाकावर बसलो. सोळा वर्षांचा असताना बोटीवर ओकत होतो, तेव्हा या माणसाने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. हे आत्ताच कशाला आठवायला हवं होतं?

२१ नोव्हें., बुध.
संध्याकाळी आप्पा आला. चौदा दिवसांनी. हातात मोसंबी.
सुलूने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. मी म्हटलं, येऊ दे.
खाटेच्या कडेला बसला. म्हातारा दिसला. असं दिसून मला विरघळवायचं असेल तर, आप्पा, उशीर झाला — असं मनात म्हटलं.
"इस्पितळातसून माणूस इललो गॅरेजीत. विचारी होतो." मोसंबी खाटेवर ठेवली. "माझा नाव घातलंस?"
"घातलं."
"तुका आणलंय मी मुंबैक."
"माहीत आहे."
"पोराक सांगतत तसा शिकवलंय."
"ते पण माहीत आहे. म्हणूनच सांगतो, आप्पा. दुसऱ्या कोणी फसवलं असतं हिराबायला, तर मी शिवी देऊन मोकळा झालो असतो."
आप्पाने पट्टीकडे बघितलं. पहिल्यांदाच. बघतच राहिला. "उद्या काय सांगतले डाक्टर?"
"काढायचं की ठेवायचं, ते."
"मी येव?"
सुलू स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून, पाठ तिकडेच ठेवून: "कशाला? परत काहीतरी सांगायला लावायला?"
आप्पा उठला नाही. शेजारच्या खोलीतला रेडिओ लागला, बंद झाला. मी त्याला ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. अजून बसलाय. मी त्याच्यासमोरच हे लिहितोय. त्याला वाचता येत नाही.
उद्या नऊ वाजता नंबर आहे.