तेरा औटे साडेसेहेचाळीस

लोणावळे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १९४१

तीर्थस्वरूप हौशीराममामा यांच्या चरणी भाचा भिमाजी याचा दंडवत. इकडे मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवत जावी. मामींचा गुडघा, तांबडी गाय आणि तुमच्या काट्याची दांडी या तिघांची प्रकृती वेगवेगळी कळवावी, कारण गेल्या पत्रात तुम्ही 'आता बरी आहे' एवढंच कळवलंत आणि कोण ते राहूनच गेलं. (ताजुद्दीनचाचा, तुम्हालाही सलाम. मामांना पत्र वाचून दाखवताना तुम्ही दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं वाचता, हे मला ठाऊक आहे. आज जरा हळू वाचा.)

तुम्ही विचारलंत, वर्ग कसा चालला आहे. उत्तम चालला आहे. लढाईमुळे फौजेच्या कोठारांना हिशेबी कारकून हवे आहेत आणि ते इथे, एका भाड्याच्या बंगल्यात, आमच्यासारख्यांतून घडवले जात आहेत. घडवणारे सुभेदारसाहेब मागच्या लढाईत फ्रान्सपर्यंत जाऊन आले. तिकडून कोणी घड्याळ आणलं, कोणी खोकला आणला. साहेबांनी एक नियम आणला. परीक्षेच्या वेळी खोलीत मास्तर नाही, पहारा नाही. साहेब पेपर वाटतात आणि बाहेर जाऊन गुलाबांना पाणी घालतात. पेपराच्या शेवटी प्रत्येकानं लिहायचं, 'मी कोणाचं घेतलं नाही, कोणाला दिलं नाही', आणि खाली सही. शिपायाचा शब्द हाच पहारा, असं साहेब म्हणतात. जो शब्द मोडेल त्याला छडी नाही की दंड नाही. फक्त पौषातल्या पुण्याच्या फौजी परीक्षेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि तो बोलला तर ऐकू आल्याचं दाखवायचं नाही. अबोला सोसून जो टिकेल त्याला त्या परीक्षेला बसायला साहेबांची सही मिळते. जो कंटाळून घर गाठेल त्याचं नाव कायमचं काटलं जातं. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा शिक्षा मला फारच सौम्य वाटली होती. (तुमचा आणि मामींचा असा अबोला दर सुगीला होतो आणि दोघंही चांगले धडधाकट आहात.)

आता घडलं ते सांगतो. त्यात तुमचा हात आहे, तेव्हा सावरून बसा. चाचणीच्या गणितात हिशेब आला की तेरा तुकड्या आहेत, प्रत्येकीला साडेतीन मण पीठ द्यायचं, तर एकंदर किती लागेल? मला हसूच आलं. आई गेल्यापासून मी कामशेतच्या बाजारात तुमच्या धान्य तोलण्याच्या काट्याजवळ वाढलो. पोत्याची भरती साडेतीन मणांची, तेव्हा औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, माझ्या कानावर रोज सकाळपासून. आणि तोही कसा? शेजारी भाताची गिरणी धडधडते आहे आणि तुम्ही तिच्या वर आवाज चढवून म्हणता आहात, अकरा औटे साडेअडतीस, बारा औटे बेचाळीस. माझ्या डोक्यात औटकी येते ती त्याच पट्टीत येते. ओठ मिटून मला ती म्हणताच येत नाही. मला वाटलं, मी मनात म्हणतो आहे. खोली मात्र, पुढे कळलं, श्वास रोखून ऐकत होती.

बरं, ऐकलं ते तरी बरोबर असावं! तेराव्या पोत्याला तुम्ही एक मूठ तांदूळ कार्ल्याच्या एकवीराआईसाठी बाजूला काढता आणि म्हणता, "तेरा औटे साडेसेहेचाळीस, एक आईचा." मग शेवटच्या बेरजेत तो वाढीव एक तुम्ही वजा करता, म्हणून व्यापारी तक्रार करत नाहीत. पण मामा, म्हणणं तुम्ही गिरणीच्या वर करत होता आणि वजा करणं मनातल्या मनात. मी सगळं ऐकून शिकलो. जे तुम्ही बोललाच नाहीत ते मला कसं कळावं? तेरा औटे साडेपंचेचाळीस होतात ही बातमी मला मिशी फुटल्यावर, तीही कवायतीच्या मैदानात, मिळाली.

झालं असं की सुभेदारसाहेबांनी पेपर तपासले आणि सगळ्या वर्गाचं उत्तर एकच निघालं, साडेसेहेचाळीस मण. सरकारी फौजेच्या पिठातला एक मण आम्ही सर्वांनी मिळून एकवीरेला वाहिला होता. साहेब सकाळी रांगेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे साडेसेहेचाळीस कुणाच्या घरचं?" मला वाटलं शाबासकी आहे. मी छाती काढून पुढे झालो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, माझ्या मामांचं. (ताजुद्दीनचाचा, इथे मामा खूश झाले असतील. त्यांना पुढचं जरा बेतानं सांगा.)

मग साहेब म्हणाले, घेणाऱ्यांनीही पुढे यावं. कोणी हललं नाही. प्रत्येकानं शब्दावर सांगितलं की उत्तर आपलं आपणच काढलं. आता नियमाची गंमत बघा. शिपायाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. साहेबांनी माझा शब्द मानला, कारण मी खरं बोललो. आणि त्यांचाही मानला, कारण न मानावा तर मग पुढच्या परीक्षेला गुलाबांना पाणी कोण घालणार? तेव्हा निकाल असा लागला की भिमाजीनं दिलं आणि कोणीच घेतलं नाही. साहेबांनाही तो नीट गिळता आला नसावा, कारण त्यांनी घसा दोनदा साफ केला. त्या दिवसापासून मी अबोल्यात आहे. आणि ज्यांनी माझी औटकी ऐकून लिहिली तेच सगळे आता असा कडक अबोला पाळतात की यांच्याइतकी नियमाची चाड कोणाला नसेल असं वाटावं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. मग जेवणाची पंचाईत झाली. आचारी बजरंग यालाही नियम लागू आहे. तो आमटी वाढतो, मी म्हणतो पुरे, आणि त्याला ऐकू आल्याचं दाखवता येत नाही म्हणून तो वाढतच राहतो. मी ताटावर हात आडवा धरला तर त्यानं हातावर वाढली. त्याचंही तोंड बिचाऱ्याचं कसनुसं झालं होतं, पण नियम तो नियम. अन्नाची काळजी करू नका. आमटी भरपूर आहे.

गावात आमचा नियम चालत नाही, म्हणून मी रिकाम्या वेळी गावात जाऊ लागलो. गूळशेंगदाण्याची गुडदाणी विकणारा "किती देऊ?" असं विचारतो. तेवढं ऐकायला मी रोज गुडदाणी घेतो. ट्रंकेत ती इतकी साठली आहे की मुंग्या लागल्या. (मुंग्याही बोलत नाहीत, पण निदान आपण होऊन येतात.) न्हाव्याकडे दाढी करून घेतो, करण्याजोगं फारसं नसतं, पण तो बोलतो भरपूर. शिवाय स्टेशनावर जातो आणि मारुती हमालाला विचारतो, कामशेतला जाणारी गाडी केव्हा आहे? तो सांगतो, मी मान हलवतो आणि परत येतो. परवा त्यानं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि म्हणाला, "अवो, रोज इचारताय, तुमी जानार तरी कवा? घरला कुनी आजारी हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग जावा की. गाडी काय तुमाला न्हाई म्हनती व्हय?" मामा, इतक्या दिवसांत कोणी मला उलटून माझ्याविषयी विचारलं नव्हतं. गाडी समोर उभी होती, डबा रिकामा होता, आणि मी फलाटाच्या कठड्याला धरून उभा राहिलो, कारण चढलो असतो तर नाव काटलं गेलं असतं आणि तुम्ही बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की भाचा साहेब होणार.

बाकीच्यांचं मी मनावर घेत नाही. महिपतीचं घेतो. महिपती शिरगावचा, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. मी इथे आलो त्या दिवसापासून त्यानं मला त्याच्या बैलाविषयी इतकं सांगितलं आहे की तो बैल मी जत्रेत पाठीकडून ओळखेन. पूर्वी मी त्याला हात जोडून म्हणायचो, बाबा रे, गप्प बस. आता बसला आहे. अबोल्याच्या दुसऱ्या सकाळी तो विसरला आणि म्हणाला, "साबन कुटं ठेवलायस रं?" मग जीभ चावली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी साबण पुढे केला. त्यानं तो फळीवरून उचलावा तसा माझ्या हातावरून उचलला. त्याच्या पेपरातही साडेसेहेचाळीसच होते. मला त्याचा फार राग येतो, आणि इतरांचा येत नाही. यावरून आमची दोस्ती अजून शिल्लक आहे असं मी धरून चालतो.

एकंदरीत मी मजेत आहे. हवा थंड आहे, भूक चांगली लागते, आमटीचं वर सांगितलंच. तुमचे सुगीचे दिवस आहेत, काटा एक दिवसही बंद ठेवता येत नाही, तेव्हा इकडे येण्याचं मनातही आणू नका. आणि औटकी आहे तशीच म्हणत जा; माझ्यामुळे आईचा एक बंद करू नका. मामींना दंडवत. थोरांना नमस्कार, आणि तांबडीच्या पाठीवरून माझ्या नावानं हात फिरवावा.

आपला आज्ञाधारक,
भिमाजी

ता. क. ताजुद्दीनचाचा, गिऱ्हाईक गेल्यावर एवढं मामांना एकट्यांना वाचून दाखवा. मामा, वर 'येऊ नका' लिहिलं आहे ते खोडायला जागा नव्हती. रविवारी या. बाहेरच्या माणसाला नियम लागू नाही. उत्तर लिहून पाठवू नका. चाचांचं अक्षर सुंदर आहे, पण मला अक्षर नको, आवाज हवा. काही आणू नका. स्टेशनाच्या बाकावर बसू. तुम्ही गिरणीच्या वर बोलता तसं बोला, काहीही बोला, हवं तर रागवा. आणि गाडीतून उतरल्यावर मला नावानं हाक मारा. ती मी बऱ्याच दिवसांत ऐकलेली नाही.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकायला निघालो तर हौदावर महिपती एकटाच पितळेचं तपेलं घासत होता. मी थोडा अलीकडे उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही. तपेल्याला म्हणाला, "अकरा औटे साडेअडतीस. बारा औटे बेचाळीस. तेरा औटे साडेसेहेचाळीस." म्हणजे घेतलं ते माझ्याकडून घेतलं, हे त्यानं कबूल केलं, निदान तपेल्याजवळ. मी म्हटलं, एक आईचा. त्याला अर्थातच ऐकू आलं नाही. पण लख्ख झालेलं तपेलं त्यानं पुन्हा राखेनं माखलं आणि औटकी पहिल्यापासून म्हणायला घेतली. मी तिथेच दगडावर बसलो, आणि टपाल निघून गेलं, म्हणून हे पत्र एक दिवस उशिरा मिळेल. तरीही रविवारी याच. एका तपेल्यावर दोघांचं किती दिवस भागणार?