दादाच्या नावाची चिठ्ठी

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून तुझ्या नावाने खडे फोडते का?

'मी मजेत आहे' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. तरी वाचता येत असेलच. डॉक्टर असूनही हिचं अक्षर चांगलं, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास.

सध्या सुट्टीवर आहे. सक्तीच्या. ऑपरेशनआधी भूल देणारी मी. दिवसभरात आठ-नऊ जणांना झोपवायचं आणि स्वतः मात्र टक्क जागी. म्हणून झोपेची एक गोळी सुरू केली. मग दोन. हल्ली सहा. गेल्या महिन्यात हात इतका थरथरला की पेशंटच्या शिरेत सुई जाईना. सिस्टरने ती माझ्या हातातून काढून घेतली. पेशंट बरा आहे.

स्वतःच्या नावाने गोळ्यांची चिठ्ठी लिहायची लाज वाटली, म्हणून तुझ्या नावाने लिहीत गेले. दोन वर्षं. डोकं ठणकलं तरी रुमाल बांधून बसणारा तू, औषधाच्या दुकानात कागदोपत्री पक्का गोळ्याखाऊ झालायस. हसलास ना? हस.

तुझे फोन त्यामुळेच उचलले नाहीत. वहिनीने पाठवलेल्या स्वेटरची पोचही दिली नाही. पण दादा, चिठ्ठीवर तुझं नाव, वय लिहिताना हात जरा रेंगाळायचा. तुझ्या वाढदिवसानंतर वय आठवणीने एकाने वाढवलं. शुभेच्छा मात्र दिल्या नाहीत. तुझी फार आठवण येते रे. तुझ्या दुकानातल्या स्टुलावर बसावं आणि तू घड्याळं उघडतोस ते नुसतं बघत राहावं, एवढंच वाटतं.

आता तुला हॉस्पिटलच्या चौकशी समितीचा फोन येईल. गोळ्या तुमच्याच का, असं विचारतील. तू 'हो' म्हणशील, ठाऊक आहे मला. मी फोडलेल्या प्रत्येक काचेसाठी तूच मार खाल्लायस. या वेळी 'हो' म्हणालास तर माझी नोकरी वाचेल, आणि दोन महिन्यांत मी दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने चिठ्ठी लिहीन. मी ओळखते मला.

'नाही' म्हण. एवढं कर माझ्यासाठी.

सोमवारी उपचारांसाठी दाखल होतेय. फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' असा रकाना आहे. सगळा फॉर्म भरून झाला, तेवढा कोरा ठेवलाय. या वेळी तुला विचारून लिहीन म्हणते.

लिहू?

उत्तराची वाट बघत,
तुझी धाकटी