यांना झोप येईल असं पुस्तक

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि जाऊबाई तुम्हाला गोड खाऊ देतात का (देत नसतील, आणि ते बरंच आहे), ते कळवा. मी ठीक. तुम्ही लिहिलेलं ‘पाणीपुरवठा खात्यातील माझी वाटचाल’ पोचलं. इतकं जाड असेल असं वाटलं नव्हतं. पण त्याने माझ्यावर जे उपकार केलेत ते सांगायलाच हे पत्र. आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज होणार नाही. (होईलच, पण सांगते.)

तुम्हाला ठाऊक आहे, अंथरुणाला पाठ टेकली की मी मोठ्याने वाचायची आणि तुमचे दादा हुंकार द्यायचे. वाक्य संपलं की ‘हं’. तो ‘हं’ लांबत लांबत घोरण्यात विरला की मी पुस्तक मिटायची आणि मगच माझा डोळा लागायचा. लग्नापासूनचं वळण ते. हे गेल्यावर खोली अशी गप्प झाली की झोपेने माझ्याशी कट्टीच घेतली. लेक म्हणाली, आई, काहीतरी वाचत जा. वाचायला घेतलं, आणि सवयीने आवाज फुटलाच. पहिलं वाक्य संपलं आणि शेजारच्या उशीवरून आलं, ‘हं.’

भाऊजी, अंगावर सर्रकन काटा आला. पंखा असेल म्हणून पंखा बंद केला. दुसरं वाक्य वाचलं. ‘हं.’ आता तर अधिकच स्पष्ट. उशीवर कोणी नाही, चादरीला सुरकुती नाही. हात लावून पाहिला तर त्या बाजूचं अंथरूण तेवढं कोमट. पण ज्या माणसाशी उभा जन्म भांडले, त्याला आता घाबरायचं म्हणजे फुकटचा मान देणं. मी वाचत राहिले.

पंचाईत वेगळीच झाली. माझ्या हातात खुनाची कादंबरी होती, तिने यांना झोप येईना, आणि यांना लागल्याशिवाय मला लागत नाही. ‘हं’ जाऊन ‘हंऽ?’ येऊ लागलं, म्हणजे पुढे काय. खुनी सापडेपर्यंत उजाडलं. मग कवितासंग्रह आणला. तिथे हुंकार नाही, नुसते सुस्कारे (कविता यांना जिवंतपणीही कळत नव्हती). स्वयंपाकाचं पुस्तक घेतलं, तर काळोखात कोणाचं तरी पोट गुरगुरायला लागलं, आणि ते माझं नव्हतं.

अशात तुमचं पुस्तक आलं. रागावू नका, पण पहिल्याच रात्री गुण आला. नळजोडणीच्या नियमांपाशीच ‘हं’ जड झाला आणि गळती शोधण्याच्या प्रकरणात यांचं घोरणं सुरू. मीही गाढ झोपले. एकदा मात्र मी पाइपांच्या मापांचं कोष्टक गाळलं. (तुम्ही ते घातलंत तरी कशाला?) हुंकार आला नाही. पलंग करकरला, आणि वारा नसताना पान मागे उलटलं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, पायरी गाळलेली कशी चालेल? निमूटपणे सगळी मापं वाचली.

तर असा आमचा संसार सुखाने चालू आहे. लेकीला सांगितलेलं नाही, उगाच डॉक्टरकडे नेईल. तुमच्या लेखणीला असंच यश येवो.

तुमची
वहिनी

ता.क. : वर ‘चालू आहे’ लिहिलं ते खोटं. पुस्तक परवा संपलं. शेवटच्या वाक्याला हुंकार आला नाही. मला वाटलं, लागली असेल झोप, पण घोरणंही नव्हतं. काल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, ते कोष्टक मुद्दाम गाळून पाहिलं, शेवटी खुनाची कादंबरीसुद्धा काढली. अंथरूण गार आहे. तुमच्या पुस्तकाने यांना फारच गाढ झोपवलंय, भाऊजी, आणि मला ते नको होतं.

आणखी ता.क. : एवढ्या जाड पुस्तकात तुमचा सख्खा भाऊ एकदाही येत नाही. दुसरा भाग लिहा, त्यात दादांना घाला, आणि या वेळी झोप येईल असं लिहू नका. चार गोष्टी मुद्दाम चुकीच्या लिहा. शाळेत असताना यांना गणितात भोपळा मिळाला होता, असं बेधडक छापा. मी मोठ्याने वाचेन. मग बघते, कसे गप्प राहतात ते.